पुसलेलं बाळंतपण

मालिश करता करता कौसामावशींच्या हातून तेलाची वाटी फरशीवर पडली आणि वृंदाचं अंग एकदम ताठ झालं.

"बाळंतपण अवघड गेलं का गं?"

"आठवत नाही, मावशी. दवाखान्यातून घरी सोडतानाच ती आठवण पुसून घेतली. हल्ली सगळ्याच घेतात."

दहा मिनिटांचं काम होतं. कळा गेल्या, भीतीही गेली. मग बाळ रडलं की आपण त्याच्याकडे जायचं सोडून दाराकडे का धावतो, हे तिला उमजत नव्हतं. आणि जे आठवतच नाही, ते सांगणार तरी कुणाला?

"डोक्यातून पुसतात," मावशी म्हणाल्या, "अंगातलं मी रोज चोळते."

पुसलेल्या आठवणी दवाखान्यात महिनाभर जपून ठेवत. दुसऱ्या दिवशी वृंदा आपली परत मागायला गेली.

"सोबत कुणी आहे?" नर्सने विचारलं.

"मी आहे," म्हणत मावशी शेजारी बसल्या.

यंत्र सुरू झालं तशी वृंदा किंचाळली, "मला एकटीला टाकून जाऊ नका!"

तीन आठवड्यांपूर्वी हे ऐकायला बाळंतपणाच्या खोलीत कुणीच नव्हतं. मावशींनी तिचा हात घट्ट धरला.

"इथंच आहे, पोरी. ओरड."