तेविसावं घर

मारकुट्या नवऱ्यांपासून लपवलेल्या बायकांचे पत्ते आमच्या संस्थेच्या कॉम्प्युटरवर असतात. पासवर्ड फक्त मला ठाऊक. तरी कोणीतरी बाहेरून आत डोकावू लागलं, म्हणून मी सापळा लावला. एका बाईची खोटी फाइल बनवली. डाव्या हातावर भाजल्याचा डाग, हे माझ्या मनचं. पत्ताही माझ्याच मनचा. गल्ली खरी, पण तिच्यात बावीसच घरं आहेत. मी तेविसावं लिहिलं.

"चोर आता हीच फाइल उघडणार," मी संस्थेच्या मॅडमना म्हटलं. "बसू दे हात चोळत!"

आज सकाळी अकराला ती उघडली गेली. मला हसू आलं.

बाराला फोन वाजला. "ताई, तेवीस नंबरातून बोलतेय. तो दाराशी आलाय."

तेवीस नंबर तर मीच रचला होता. पण आजवर मी एकही बाई कोणाच्या हाती लागू दिली नव्हती.

"कडी काढू नकोस," मी म्हटलं. "मी येतेय."

बाविसाव्या घरानंतर तिथे कायम भिंत असायची. आज दार होतं. खिडकीचा गज एका डाव्या हाताने घट्ट धरला होता. हातावर भाजल्याचा डाग होता. आणि एक माणूस पाठमोरा उभा राहून दारावर थापा मारत होता.

"ए!" मी ओरडले. "आधी माझ्याशी बोल."

थापा थांबल्या.