थर्मामीटरची साक्ष

"शपथ घेतलीय तुम्ही," अपील मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "वितळलेल्या प्लॅस्टिकचं तापमान तुम्हाला नुसतं ओळखता यायचं का?"

प्रश्न साक्षीला उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला होता. कारखान्यात त्याला सगळे थर्मामीटरच म्हणत. तीस वर्षं त्याने साच्यातून प्लॅस्टिकचे मग काढले. मशीनवरचा काटा प्लॅस्टिक वितळवणाऱ्या नळीच्या लोखंडाचा ताप दाखवायचा. आतल्या मालाचा ताप याला कळतो, अशी ख्याती. ती पसरवण्याचं बरंचसं काम त्याने स्वतःच केलं होतं.

मुलगा इंजिनियर निघाला. नळीतला स्क्रू फिरवताना मोटरला किती जोर पडतो, त्यावरून आतल्या प्लॅस्टिकचं तापमान काढायची पद्धत त्याने सहा वर्षं खपून बसवली. पेटंट कार्यालयाने एका ओळीत अर्ज फेटाळला: यात नवीन काही नाही, कोणत्याही मुरलेल्या कामगाराला हे जमतं. म्हणून हे अपील, आणि म्हणून मुरलेला कामगार हजर.

"काका, फक्त 'नाही' म्हणा," वकिलाने बजावलं होतं.

"जन्मभर टिमकी वाजवलीत," निघताना बायको म्हणाली होती, "आज एक दिवस राहू द्या."

'हो' म्हटलं तर मुलाची सहा वर्षं पाण्यात. 'नाही' म्हटलं तर बापाची तीस. समोरच्या तीन सदस्यांचं सकाळपासून एसी कितीवर ठेवायचा यावरच एकमत होत नव्हतं.

"नाही," थर्मामीटर म्हणाला. "मला काही कळत नव्हतं. सगळं अंदाजपंचे."

दुपारी अपील मंजूर झालं.

जिन्यात मुलाने त्याला गाठलं. "बाबा, माझ्यासाठी एवढं खोटं बोललात."

"शपथेवर खोटं बोलेन का मी? पहिले चार मग भंगारात टाकायचो. पाचवा बरा निघाला की ऐटीत सांगायचो, दोनशे वीस."

मुलगा जागीच थांबला. "पण स्क्रू किती कण्हतो त्यावरून ओळखायचं, हे तुम्हीच तर मला सांगितलं होतं. माझं सगळं गणित त्यावर उभं आहे."

"सात वर्षांचा होतास. कसं कळतं, कसं कळतं म्हणून डोकं खाल्लंस. दिलं काहीतरी ठोकून."

म्हातारा दोन पायऱ्या उतरला. मागे-पुढे कोणी नाही असं बघून त्याने हळूच विचारलं,

"खरंच कळतं का रे त्यावरून?"