आत्याचे मटार

खासनीस सर अकादमीसाठी टेनिसची पोरं निवडायचे, पण खेळ फारसा बघायचेच नाहीत. फोरहँड काय, शिकवता येतो. पॉइंट गेल्यावर पोरगं प्रेक्षकांत बसलेल्या घरच्यांकडे किती वेळा बघतं, तेवढ्या रेघा ते वहीत मारायचे. भल्याभल्या गुणी पोरांची या बघण्यापायी माती झालेली त्यांनी पाहिली होती.

यंदा जागा एकच होती. बारा वर्षांची जुई उपांत्य सामना जिंकली, तरी तिच्या नावापुढे एकही रेघ नव्हती. वर बघून करणार काय? तिची आत्या मान खाली घालून मटार सोलत होती.

"संपलं का गं खेळून? पोळी खाऊन घे."

सरांना अगदी भरून आलं. न राहवून ते आत्याशेजारी जाऊन बसले. "ताई, ही पोरगी देशासाठी खेळेल."

"आमची जुई?" आत्यानं मटारची पिशवी खाली ठेवली.

फायनलचा पहिलाच फटका नेटमध्ये गेला.

"अगं ए, गुडघे वाकव की!" आत्या उभी राहून ओरडली. "देशासाठी खेळायचंय तुला!"

जुईनं दचकून वर बघितलं. पुढचा पॉइंट गेला, पुन्हा बघितलं. दोन रेघा झाल्या.

सरांनी घाईघाईनं पिशवी उचलून पुढे केली. "ताई, मटार राहिलेत."

"तुम्हीच सोला आता," कोर्टावरची नजर न काढता आत्या म्हणाली.

सर मान खाली घालून मटार सोलत बसले. वहीत तिसरी रेघ पडली नाही.