हरणाच्या जागी

ईस्टरच्या मेजवानीत गाताना ताल कोणाचा चुकला, यावरून माझ्या गाण्यातल्या जोडीदाराशी, बिंदोशी, माझा अबोला होता. तो म्हणायचा माझा, मी म्हणायचो त्याचा. द्राक्षं तोडणीला आली तरी आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि फिएसोले गावातल्या एका लग्नात नवरीचा बाप अडून बसला, "शिकारीचं गाणं झाल्याशिवाय दारूच्या पिंपाचं बूच निघणार नाही!"

शिकारीच्या गाण्यात पहिला गडी पुढे पळतो. दुसरा चार पावलं मागून तेच शब्द, तेच सूर गात त्याचा पाठलाग करतो. बिंदो पुढे, मी मागे. गाण्यात कुत्री सुटली, शिंग वाजलं, आणि हरीण दिसायच्या जागी हा पठ्ठ्या गायला, "ईस्टरला ताल माझाच चुकला, गड्या, माफ कर!" मागोमाग मीही तेच गायलो. पाहुणे हसून हसून बेजार.

गाणं संपताच मी त्याची गचांडी धरली. "लबाडा, चारचौघांत माझ्याकडून माफी वदवून घेतलीस!"

"मी?" बिंदो म्हणाला. "हरणाचे मूळ शब्द तुला वीस वर्षं तोंडपाठ आहेत. ते गायला तुला कोणी अडवलं होतं?"