आणखी कोणी?

"पहिला दिवस," औसेप म्हणाला आणि उभाच राहिला.

वर्कीने तोंड फिरवलं. पुन्हा पहिला दिवस! दोन वर्षांतला हा चौदावा. माणसाने किती वेळा नव्याने सुरुवात करावी याला काही सुमार? गेल्याच रविवारी या औसेपने शहात्तर दिवस सांगितले होते. मीनच्चिल नदीच्या काठी, चर्चमागच्या याच हॉलमध्ये, दारू सोडायला जमणाऱ्या याच वीस-बावीस माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढच्या रविवारी नव्वद भरायचे होते. नव्वद भरले की माहेरी जाऊन बसलेली त्याची बायको लिस्सी मुलीला घेऊन परत येणार होती. तसा तिने फादरपाशी शब्द दिला होता. सगळं मातीत घातलं गाढवाने. आणि वर दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. लाज कोळून प्यायली की माणूस असा तुकतुकीत दिसतो, वर्कीला वाटलं.

वर्कीचं तसं नव्हतं. नऊ वर्षं तो पहाटे चारला उठत होता. गार पाण्याची अंघोळ, प्रार्थना, मग कपाळाला दिवा बांधून रबराच्या मळ्यात. चिकासाठी झाडांची साल कापायला त्याने कधी मजूर लावला नाही. रोज तीनशे झाडं, स्वतःच्या हाताने. साल कागदाइतकी पातळ निघायला हवी. सुरी जरा खोल गेली की झाड कायमचं जखमी. अंगात ताप असला तरी तो जायचा. हॉलमध्ये नवा माणूस आला की बैठक चालवणारे कुरियाकोस मास्तर वर्कीकडे बोट दाखवायचे. "यांच्याकडे बघा. अंगाला वळण लावणं म्हणजे काय ते कळेल." औसेपला तर वर्कीने स्वतः दिनक्रम लिहून दिला होता. उठायचं कधी, कुठल्या रस्त्याने जायचं, कुठल्या रस्त्याकडे बघायचंसुद्धा नाही. फुकट गेला तो कागद. भाड्याच्या खुर्च्या नि मांडवाचे बांबू वाहणारा माणूस, त्याला कसला दिनक्रम!

"आणखी कोणी?" मास्तरांनी विचारलं.

हे ते दर रविवारी विचारायचे आणि मिनिटभर थांबायचे. आठवड्यात ज्याचा पाय घसरला असेल त्याने या मिनिटात उठायचं, एवढाच तिथला नियम. पंखा करकरत होता. औसेप अजून उभाच होता.

गुरुवारी वर्कीच्या पुतणीचा साखरपुडा झाला होता. आखातातून आलेल्या मेहुण्याने मांडवामागे बाटली उघडली आणि पेला पुढे केला. नऊ वर्षं जे तोंडातून सहज निघत होतं ते 'नको' त्या दिवशी निघालं नाही. दोन पेले झाले. कोणी पाहिलं नाही. शुक्रवारी पहाटे चारला तो नेहमीसारखा उठला, तीनशेच्या तीनशे झाडं कापली, एकदाही सुरी खोल गेली नाही. शिस्त मोडली असती तर हात चुकला नसता का? दोन पेले म्हणजे काही पिणं नव्हे. पिणं म्हणजे हे समोर उभं आहे ते.

तरी त्याचे पाय एकदा हलले. उठायचं, दोन शब्द बोलायचे, मोकळं व्हायचं. नाही उठलो तर पुढच्या मांडवामागे तिसरा पेला आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण मग मास्तर बोट कोणाकडे दाखवणार? आणि आपण या औसेपच्या रांगेला जाऊन बसायचं? एका हमालाच्या? त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त संताप आला.

"बस की आता खाली," तो मोठ्यांदा म्हणाला. "झालं तुझं दर्शन सगळ्यांना."

चार जण हसले. औसेपही ओशाळं हसला, पण मास्तर पुढच्या माणसाकडे वळेपर्यंत काही बसला नाही.

वर्कीची पाळी आली. तो ताठ मानेने उभा राहिला.

"नऊ वर्षं, दोन महिने, अकरा दिवस."

टाळ्या झाल्या. औसेपने मान खाली घातली. घालायलाच हवी, वर्कीला वाटलं.

बैठक संपल्यावर सगळे फणसाखाली काळा चहा प्यायला जमले. औसेप कुंपणाच्या भिंतीपाशी एकटा उभा होता. आज त्याच्याजवळ कोण जाणार? वर्की गेला. त्याला राहवलं नाही.

"अरे, आठ दिवस निघाले नाहीत तुला? फक्त आठ दिवस! लिस्सीला आता काय तोंड दाखवणार? एखादं कुत्रं असतं ना, तर तेसुद्धा एवढ्यात शिकलं असतं."

औसेपने चहाचा पेला भिंतीवर ठेवला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्याने आवाज खाली आणला.

"मी प्यालो नाही, अच्चाया. आज माझा त्र्याऐंशीवा दिवस आहे. गुरुवारी तुमच्या मांडवामागं खुर्च्या रचत होतो मी. म्हटलं, कोणीतरी आधीच उभं असलं, तर तुम्हाला उठायला एवढं जड जाणार नाही."