भीमरावांचा इन्व्हर्टर

"जनरेटर नाही म्हणजे नाही," भीमराव म्हणाले. "विषय संपला."

"पण बाबा, मतलब, इन्व्हर्टरवर मम्मीचं मशीन पक्का चालेल ना?" उत्कर्षानं विचारलं. पोर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जयपुरातच वाढलेली, गावचं अकोला तिला सुट्टीपुरतं माहीत आणि मराठीही तेवढीच.

"ते विचारूनच घेईन मी. पण जनरेटरचा धूर होतो. बंद घरात धुरानं माणसं झोपेतच जातात. इथं आधीच एकीला हवा पुरत नाही, अन् त्यात धूर आणू?"

आतल्या खोलीत यमुनाबाईंचं मशीन घरघरत होतं. त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती. नाकात नळी आणि नळीच्या टोकाला हवेतून ऑक्सिजन काढून देणारं ते सेकंडहँड धूड. बंद पडलं की ओरडावं म्हणून त्यात भोंगा होता, पण तो आधीच्या मालकाकडेच मेला होता. भीमरावांचं त्यावाचून अडत नव्हतं. लाइट गेली की पंखा थांबतो, आणि जयपूरच्या जूनमध्ये पंखा थांबल्यावर झोपून राहील असा माणूस अजून जन्माला यायचाय. ते धडपडत उठायचे, कोपऱ्यातला सिलिंडर उघडायचे, नळी बदलायचे. तेवढ्यातही यमुनाबाईंचे ओठ निळे पडायला लागलेले असायचे.

त्या वर्षी जगतपुऱ्यात लाइटीला काही धरबंदच राहिला नव्हता. रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभी हयात काढलेला हा माणूस आता घरात पंख्यावर डोळे लावून पडून राहायचा. डुलकी लागली की दचकून उठायचा.

"अवो, झोपत जा न थोडं," यमुनाबाई म्हणायच्या. एवढं बोलतानाही त्यांना धाप लागे. "तुमी पडले तं मले कोन पाहीन?"

भीमरावांचा स्वभावच तसा, ताकसुद्धा फुंकून पिणारा. मशीन बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं, हे साध्या पॉइंटला लावू नका, एक्स्टेंशन बोर्डावर तर नकोच, जाड पिनेच्या पॉइंटला लावा. घरात तसे दोनच पॉइंट. एकावर फ्रिज होता, दुसऱ्यावर मशीन गेलं. त्या पॉइंटला दुसरं कुणी हातही लावायचा नाही असा घरात हुकूम होता.

इन्व्हर्टरसाठी त्यांनी दुकानांचे उंबरे झिजवले. शेवटी तिलक नगरमधल्या पवनजींकडे मन बसलं. मशीन किती वीज खातं, किती वेळ चालायला हवं, मध्ये क्षणभर बंद पडलं तर चालेल का, सगळं दोनदोनदा विचारलं. बॅटरी सर्वांत मोठी घेतली. बॅटरीतून वायू सुटतो असं कळल्यावर ती खोलीत न ठेवता गॅलरीत ठेवायची ठरवली. पवनजी हात जोडून म्हणाले, "भाईसाहब, इतनी पूछताछ तो लोग बेटी के रिश्ते में भी नहीं करते!"

फिटिंगचा दिवसही भीमरावांनी विचार करून निवडला. यमुनाबाई तपासणीला हॉस्पिटलात, उत्कर्षा त्यांच्याजवळ. ड्रिलची धूळ बायकोच्या छातीत जायला नको.

फिटर देवराम आला आणि रोजच्या हातानं कामाला लागला. शहरात शंभर घरी करतो तसंच इथंही. बोर्ड उघडला, दिव्यापंख्यांच्या तारा सोडवल्या, जोडल्या.

"अंकलजी, इस पे गीजर, प्रेस, कुछ भारी मत चलाना."

"नहीं नहीं," भीमराव म्हणाले. दुकानात सगळं सविस्तर सांगून झालंच होतं. त्यांनी देवरामला चहा दिला.

तरी त्यांनी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. स्वतः जाऊन मेन स्विच पाडला. ट्यूब लुकलुकलीसुद्धा नाही. प्रत्येक खोलीत जाऊन पाहिलं, पंखे होते तसे फिरत होते. भीमराव मधल्या दारात उभे राहिले आणि त्यांना रडूच कोसळलं. देवराम बिचारा चहाचा कप घेऊन दुसरीकडे बघत बसला.

आणि गंमत बघा, इन्व्हर्टर आला अन् लाइट जायचीच थांबली.

"भिऊन पयाली वाटते," यमुनाबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

रविवारी उत्कर्षा मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. यमुनाबाईंनी वरणभात दोन घास जास्त खाल्ला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आता बाहेर जाऊन पडा. अन् दार लोटून घ्या. या मशीनच्या घरघरीनं तुमाले झोप नाही लागत."

"काही लागलं तर?"

"काय लागते आता? जा न."

भीमरावांनी दार लोटलं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पडले, सवयीनं पंख्याकडे पाहिलं, आणि मग स्वतःशीच हसून कूस बदलली. अशी झोप त्यांना दोन वर्षांत लागली नव्हती. घोरत पडले अगदी.

बेल वाजली तेव्हा उन्हं कलली होती. दारात समोरच्या क्वार्टरमधल्या शालिनीताई रिकामं पातेलं घेऊन उभ्या. घामानं निथळत होत्या.

"भाऊजी, बर्फ असला तर द्या ना. आमच्या ह्यांना ऊन लागलंय. दुपारी जेवून उठलो अन् लाइट गेली, तिचा अजून पत्ता नाही."

"गेली?" भीमरावांनी मान वर करून पाहिलं. पंखा फिरत होता. त्यांची छाती अभिमानानं भरून आली. "आम्हाला तर कळलंसुद्धा नाही, वहिनी! या, आत या. पाहिजे तेवढा बर्फ न्या."

त्यांनी पातेलं घेतलं आणि फ्रिज उघडला. आत अंधार होता. बर्फाचा साचा ओढला तसं नुसतं पाणी हातावर सांडलं. आणि तेव्हा कुठे भीमरावांच्या कानांना कळलं, की घरात फक्त पंख्याचाच आवाज येतोय.