दुपारची आई

पाळणाघराचं दार वायरमननं बोटांनी हलकेच वाजवलं. बेल होती, पण मावशींनी तिच्यावर चिकटपट्टी लावून टाकली होती. मुलं झोपलेली असताना बेल वाजवणाऱ्याचं त्या काय करतील, याचा नेम नव्हता.

मावशींनी दार उघडलं, त्याला आत घेतलं, कडी लावली आणि तोंडावर बोट ठेवलं. त्याच्या कमरेच्या पट्ट्यातली पक्कड स्क्रूड्रायव्हरवर खणकन आपटली. मावशींनी डोळे वटारले. त्यानं गुपचूप पट्टा सोडून खाली ठेवला.

"भिंगरी म्हणते, तिची आई इथं असते," तो हळूच म्हणाला. "दुपारी गाते म्हणे. काल मला म्हणाली, बाबा, तूपण ये ऐकायला. काय चाललंय हे, मावशी?"

मावशी एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. मुलाला न्यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी बड्या बड्या साहेबांची त्या खरडपट्टी काढत. आज मात्र त्यांचा चेहरा उतरला. "या," एवढंच म्हणून त्यांनी आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला.

गाद्यांवर मुलं वाटेल तशी पसरली होती. एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर, तिसऱ्याचं डोकं गादी सोडून फरशीवर. कडेच्या उशीवर भिंगरी झोपली होती. गाणं त्या उशीखालून येत होतं. मावशींनी छोटा स्पीकर तिथं सरकवून ठेवला होता. गाण्यामागे यंत्राचा एक सूर फ्रिजसारखा मंद घुमत होता, ठोका अगदी सावकाश पडत होता आणि त्यावर एक बाई कुठल्या तरी परक्या भाषेत गात होती. चाल जुनी होती. शेतात नाहीतर चुलीपुढे बायका गात असतील तशी. घाई कुठंच नव्हती.

"मी मुद्दाम नाही हो लावलं," मावशी कुजबुजल्या. "पावसाचा आवाज लावला होता, तो संपला आणि फोननं आपल्या मनानंच हे सुरू केलं. दोघांचाच बँड आहे, फोटोत दिसतात. नाव मला वाचता येत नाही, आणि आपल्याशिवाय कुणी ऐकत असेल असं वाटतही नाही. पण त्या दिवशी सगळी पोरं पटापट आडवी झाली. तेव्हापासून रोज तोच अल्बम लावते."

"आणि भिंगरी?"

"तिची आई गेल्यापासून दुपारी डोळ्याला डोळा लागला नव्हता पोरीचा. भिंतीला टेकून बसून राहायची. हे ऐकलं आणि मला विचारलं, आई गातेय? मी 'हो' म्हटलं नाही. पण 'नाही'ही म्हटलं नाही. उशीवर डोकं टेकलं होतं हो तिनं."

"बंद करा ते."

मावशींनी मुकाट्यानं फोन उचलला.

"थांबा," तो म्हणाला. "ती उठली की मीच सांगतो तिला, हा आईचा आवाज नाही म्हणून. आईचा कसा होता तेही सांगतो. जरा नीट ऐकू द्या."

तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मग तो एकदम बाहेरच्या खोलीत गेला आणि मुलांच्या इवल्याशा खुर्चीवर बसला. मावशी मागोमाग आल्या.

"मावशी, तिचा आवाज कसा होता?"

"आँ?"

"मला आठवेचना. हाच ऐकू येतोय. घरी फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठंच नाही. तिचा फोन दवाखान्यात हरवला तो हरवलाच. मला वाटलं, आवाज काय, तो कानातून कुठं जातोय." तो फार घाबरला होता. बायको गेली तेव्हा करायची कामं तरी होती. आता हात नुसते मांडीवर पडले होते.

"असा कुठला हो!" मावशी म्हणाल्या. "ही बाई मधात घोळवून गाते. तुमची बायको म्हणजे, गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण फाटका बांबू! बेकरीत दिवसभर उभी राहून यायची आणि फाटकातूनच आरोळी ठोकायची. किती वेळा दटावलं मी."

"काय म्हणायची?"

"'भिंगरे, चल गं बये, पाय मोडले माझे!'" मावशी कुजबुजल्या.

"तसं नाही. ती म्हणायची तसं म्हणा ना."

"पोरं उठतील."

"एकदाच, मावशी."

मावशींनी पडद्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि घसा खरवडून आरोळी ठोकली.

"भिंगरेऽऽ! चल गं बये, पाय मोडले माझे!"

वायरमननं डोळे मिटून घेतले. "हाच," तो म्हणाला. "हाच, हाच." त्याला हसू आलं आणि हसता हसता तो रडायला लागला.

आत दोन-तीन मुलांनी एकदम भोकाड पसरलं. पडदा हलला आणि भिंगरी धावत बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या शिवणीचा वळ. तिनं मावशींकडे पाहिलं नाही, बाबाकडेही पाहिलं नाही. दोघांच्या मधून ती थेट दारापाशी गेली आणि टाचा उंचावून कडीपर्यंत हात पुरतो का ते बघू लागली. पुरेना.

"बाबा, काढ ना कडी," ती म्हणाली. "आईचे पाय दुखतायत."